शंख-शिंपल्यांची सजावटकला

शंख-शिंपल्यांची सजावटकला ही समुद्रकिनाऱ्यावर मिळणारे शंख, शिंपले व कवड्या स्वच्छ करून, रंगवून किंवा एकमेकांस जोडून घराच्या शोभेच्या वस्तू तयार करण्याची हस्तकला होय. आरशांच्या व छायाचित्रांच्या चौकटी, तोरणे, झुंबरे, दिव्यांची आवरणे, देवतांच्या प्रतिकृती इत्यादी वस्तू या पद्धतीने बनवल्या जातात. महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरील पर्यटनस्थळी व गोव्यात अशा वस्तूंची विक्री होते.

स्वरूप

शंख व शिंपले ही मृदुकाय प्राण्यांची बाह्य कवचे आहेत. शंख एकसंध व सर्पिल असतो, तर शिंपल्याचे दोन भाग बिजागरीसारखे जोडलेले असतात. कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असते व त्यात प्रथिनांचे अल्प प्रमाण असते. काही कवचांच्या आतील बाजूस मोत्यासारखी चमक असलेला थर आढळतो. या थरातील अतिशय पातळ पापुद्र्यांमुळे प्रकाशकिरणांचे व्यतिकरण होते आणि इंद्रधनुषी छटा दिसतात.

इतिहास

भारतात शंखापासून अलंकार बनवण्याची परंपरा सिंधू संस्कृतीइतकी जुनी आहे. महाराष्ट्रात प्रवरेकाठच्या नेवासे व धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील उत्खननांत शंखाच्या बांगड्या सापडल्या आहेत. ही दोन्ही स्थळे समुद्रापासून दूर असल्याने किनारा व देश यांच्यातील प्राचीन व्यापाराचा तो एक पुरावा ठरतो.

कवडी पूर्वी चलन म्हणून वापरात होती व ती मोठ्या प्रमाणावर मालदीव बेटांतून भारतात येत असे. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्दप्रयोग त्याचीच आठवण देतात. तुळजाभवानीचे आराधी व भुत्ये कवड्यांची माळ धारण करतात. बंजारा स्त्रियांच्या भरतकामातही कवड्या टाचलेल्या असतात. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी प्लाकुना प्लासेंटा या शिंपल्याचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे लाकडी चौकटीत बसवलेले आढळतात. त्यांतून घरात मंद प्रकाश येतो.

भारताबाहेर, एकोणिसाव्या शतकात कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर अष्टकोनी पेट्यांत रंगीत शिंपल्यांची नक्षी करून त्या खलाशांना भेटवस्तू म्हणून विकल्या जात. या पेट्या खलाशी स्वतः बनवीत असा समज दीर्घकाळ प्रचलित होता.

कच्चा माल

पुळणीवर भरतीबरोबर वाहून आलेली रिकामी कवचे हा या कलेचा मूळ आधार आहे. कोकणात तिसऱ्या, शिवल्या, खुबे व कालवे आहारात असल्याने स्वयंपाकघरातून उरणारी कवचेही उपयोगी पडतात. पूर्वी अशी कवचे भाजून चुना तयार करीत.

कृती

१. स्वच्छता : कवचे गोड्या पाण्यात भिजवून त्यांतील क्षार काढतात. पाणी अनेकदा बदलावे लागते. आत मांसाचा अंश राहिल्यास दुर्गंधी येते, म्हणून अशी कवचे उकळून घासतात. डाग घालवण्यासाठी विरंजक द्रव पुष्कळ पाण्यात मिसळून वापरतात. व्हिनेगर, लिंबू किंवा अन्य आम्ल वापरणे टाळतात, कारण आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि पृष्ठभाग निस्तेज होतो.

२. वाळवणे व निवड : कवचे सावलीत पूर्ण वाळवून आकार, रंग व जाडी यांनुसार वेगळी करतात. ओलसर कवचावर रंग व गोंद टिकत नाही.

३. छिद्र पाडणे : तोरण किंवा झुंबरासाठी बारीक छिद्रे पाडतात. कवच ओले ठेवून हे काम केल्यास ते तडकत नाही व धूळही उडत नाही. कवचाची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याने नाक-तोंड झाकणे आवश्यक असते.

४. रंगकाम : गुळगुळीत कवचावर आधी अस्तराचा हात देऊन त्यावर ॲक्रिलिक रंग लावतात. रंग सुकल्यावर पारदर्शक रोगण देतात. नैसर्गिक रंग राखावयाचा असल्यास खनिज तेलाचा हलका हात पुरतो.

५. जोडणी : लाकूड किंवा पुठ्ठ्यावर हलकी कवचे पांढऱ्या गोंदाने चिकटवतात. हा गोंद पाण्याने सुटतो. त्यामुळे जड शंखांसाठी किंवा दमट जागेसाठी इपॉक्सी वापरतात.

पर्यावरण व कायदा

किनाऱ्यावरील रिकामे कवच निरुपयोगी नसते. हर्मिट खेकडे त्यात आसरा घेतात, लहान जीव त्यावर वाढतात आणि कवचांचा चुरा पुळणीच्या वाळूत मिसळतो. स्पेनमधील एका किनाऱ्यावर सुमारे तीस वर्षांच्या अंतराने केलेल्या पाहणीत पर्यटकांची संख्या जवळपास तिप्पट झाली, तर कवचांची संख्या सुमारे एक-तृतीयांशावर आल्याचे आढळले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

लाटांनी घासलेली कवचे बहुधा फिकी असतात. म्हणून बाजारातील चकचकीत मोठे शंख अनेकदा जिवंत प्राणी पकडून मिळवलेले असतात. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये २००१ मध्ये नॉटिलस, ट्रायडॅक्ना, प्लाकुना प्लासेंटा इत्यादी मृदुकाय प्राण्यांचा समावेश करण्यात आला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली. संरक्षित जातींच्या कवचांचा व्यापारही गुन्हा ठरू शकतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून अभयारण्यातून विनापरवाना नैसर्गिक वस्तू नेण्यास मनाई आहे.

हाच नियम देशावरही लागू होतो. नाशिक जिल्ह्यातील विंचूर ज्या निफाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे. ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. गोड्या पाण्यातील शिंपले व गोगलगायी हे तेथील मुग्धबलाक पक्ष्याचे खाद्य आहे. त्यामुळे समुद्रापासून दूर राहणाऱ्या हौशी कारागिरांच्या दृष्टीने आहारातून उरलेली कवचे, जुन्या शोभेच्या वस्तूंतील कवचे किंवा माती व कागदाच्या लगद्यापासून केलेल्या प्रतिकृती हे निर्धोक पर्याय ठरतात.