श्वानप्रदर्शनांतील परीक्षा

श्वानप्रदर्शनांत परीक्षक एका कुत्र्याची दुसऱ्याशीं तुलना करतो, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नव्हे. प्रत्येक जातीचा आदर्श नमुना शब्दांत लिहून ठेवलेला असतो. समोरचें जनावर त्या नमुन्याशीं ताडून पाहावयाचें असतें. परीक्षक दांत पाहतो, दाट केसांखालीं हात घालून खांदे व बरगड्या चांचपतो, मग कुत्र्यास दुडक्या चालीनें पळवावयास सांगतो. कारण उभें असतां झांकलेला दोष चालींत उघडा पडतो. बाजारांत बैल घेणारा आपला शेतकरी तरी दुसरें काय करतो?

परंतु नमुन्याच्या शब्दांतच गोम आहे. ‘नाक आंखूड’ असें लिहिलें कीं पैदास करणारे तें पिढीगणिक अधिकच आंखूड करूं लागतात, आणि मुक्या जीवास श्वास घेणें जड जातें. (उत्तरपत्रिका तपासतांना आदर्श उत्तराच्या आहारीं मीही गेलों आहें.) अशा अतिरेकास आळा बसावा म्हणून ब्रिटनच्या केनेल क्लबनें २००९ सालीं अनेक नमुन्यांचे शब्द बदलले. पुढें २०१२ सालीं तेथील क्रफ्ट्स प्रदर्शनांत १५ जातींच्या विजेत्यांस पशुवैद्याची तपासणी लावण्यांत आली. परीक्षकांनीं आपापल्या जातींत सर्वोत्कृष्ट ठरविलेले बुलडॉग व पेकिनीज तींत नापास झाले आणि पुढील फेरीस मुकले.