दहावी पेंढी

आमच्या बाभुळगावकडे खळ्यावर रास पडली की ती घरी पोचण्याआधीच तिचे वाटे ठरलेले असत. सुतार, लोहार, कुंभार आपापले बलुते घेऊन जात. ते ज्याच्या त्याच्या घरात मावे. राज्यकर्ता धान्य घेऊ लागला, की मात्र त्याला इमारत लागते.

ती पाहायची तर पन्हाळगडावर जावे. तिथल्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारे आहेत. एकट्या गंगेत पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात. नाचणी, वरी, भात. बाहेरच्या जिन्याने छतावर चढायचे आणि तिथल्या भोकांतून धान्य आत ओतायचे! १६६० साली सिद्दी जौहरने गडाला जवळपास चार महिने वेढा घातला. कोठाराची किंमत अशा वेळी कळते.

इंग्लंडात अशी कोठारे धर्मपीठांची होती. शेतातली दर दहावी पेंढी चर्चची. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावचे चौदाव्या शतकातले दगडी कोठार आजही जपलेले आहे. लांबी सुमारे ५१ मीटर, वर लाकडी तुळयांचे प्रचंड छत. मालकी शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठाची. लोक त्याला दशांशाचे कोठार म्हणतात, पण मठाच्या स्वतःच्या शेतीचा मालही अशा कोठारांत जाई.

दहाव्या हिश्शाचे आपल्याला नवल नको. मराठ्यांची सरदेशमुखी दहा टक्केच होती. इस्लाममध्ये पिकावरच्या दानाला उश्र म्हणतात, म्हणजे दहावा भाग. त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. पावसावर पिकले तर दहावा हिस्सा, विहिरीचे पाणी ओढून पिकवले तर विसावा. मोट हाकणाऱ्याचा घाम तिथे हिशेबात धरला आहे. चर्चचा दशांश एकूण पिकावर असे. बियाणे, मजुरी वजा होत नसे. शेतकऱ्याने खर्च करून जमीन सुधारली, तरी वाढलेल्या पिकाचा दहावा भाग चर्चचाच. साहजिकच कुरबुर होई.

१८३६ च्या कायद्याने पेंढीऐवजी रोख रक्कम आली. गहू, जव आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावरून ती ठरे. पेंढीच्या काळात पीक बुडाले, तर चर्चचा वाटाही बुडे. रोख रक्कम मात्र त्या वर्षीही भरावी लागे. इंग्रजी अमलात आमच्या वऱ्हाडातला शेतसाराही असाच रोखीत, तीस-तीस वर्षांसाठी ठरवला जाई, आणि आमची शेती तर सारी पावसावरची.