ज्वारीच्या पानातल्या दोन चवडी

हरितलवक म्हटलं की डोळ्यांपुढे पाठ्यपुस्तकातली ती आकृती येते: लांबट पिशवी आणि तिच्यात भाकऱ्यांसारख्या रचलेल्या चकत्यांच्या चवडी. पालक असो वा ज्वारी, आत सगळीकडे हेच असणार, असं आपण धरून चालतो.

त्या चकत्या म्हणजे चपट्या थैल्या, थायलाकॉइड. प्रकाश टिपला जातो तो त्यांच्या पटलात, आणि तिथे दोन प्रकाशप्रणाली असतात. दुसरी पाणी फोडून प्राणवायू सोडते; निघालेला इलेक्ट्रॉन मग पहिलीकडे जातो. (आकडे कामाच्या उलट्या क्रमाने का, हे विचारणारा विद्यार्थी अगदी बरोबर असतो.) १९८० मध्ये बर्टिल अँडरसन आणि जॅन अँडरसन यांनी पालकाची पटलं सुटी करून दाखवलं, की दुसरी प्रणाली बहुतांशी चवडीच्या आत असते; पहिली मात्र चवडीबाहेरच्या मोकळ्या पटलांवर. एटीपी हे ऊर्जाद्रव्य बनवणारं यंत्रही बाहेरच, कारण ते इतकं फुगीर आहे, की दोन थैल्यांमधल्या फटीत मावतच नाही.

म्हणजे चवड किती उंच, यावरून पान काय करतं ते कळतं. ऑस्ट्रेलियातल्या वर्षावनात दाट सावलीत वाढणाऱ्या अलोकेशियाच्या, म्हणजे आपल्या अळूच्या थोरल्या भावकीच्या, एकेका चवडीत शंभरापर्यंत थैल्या आढळल्या. पालकात साधारण दहा-वीस. सावलीत प्रकाश कमी, आणि वरच्या पानांतून गाळून आलेल्या त्या प्रकाशात अतिलाल भाग जास्त. तो पहिल्या प्रणालीला चालतो, दुसरीला फारसा नाही. मग दुसरीचाच पसारा वाढवावा लागतो.

खरी गंमत ज्वारीत आहे. तिच्या पानाचा आडवा काप घेतला, तर प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचं कडं दिसतं. कड्याबाहेरच्या पेशींत चवडी नीट रचलेल्या. कड्यातल्या पेशींत जवळजवळ नाहीतच, नुसती लांबच लांब सुटी पटलं. एकाच पानात दोन तऱ्हेची हरितलवकं!

हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ब्रिस्बेनला उसावर काम करून कार्बन बांधण्याच्या ज्या वाटेचा उलगडा केला, तीच ज्वारीतही चालते. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड मॅलेटच्या रूपात बांधून कड्यात पाठवतात. तिथे मॅलेट फुटलं, की वायू सुटतो आणि साखर बनवायला लागणारी क्षपणशक्तीही त्याच्यासोबत हाती पडते. मग पाणी फोडायची फारशी गरज उरत नाही. शिवाय फोडलं, तर प्राणवायू निघणार. आणि कार्बन डायऑक्साइड बांधणारं रुबिस्को हे विकर प्राणवायू दिसला, की कधीकधी कार्बन डायऑक्साइडऐवजी तोच पकडतं. म्हणून कड्यात दुसरी प्रणाली जवळपास बंद; पहिली इलेक्ट्रॉन गोल फिरवत एटीपी पुरवत राहते.

यावरून सगळ्या भरडधान्यांचं असंच असेल असं वाटतं. बाजरीच्या बाबतीत ते खरंही आहे. नाचणी मात्र वेगळी. तिच्यात कड्याकडे मुख्यतः ॲस्पार्टेट जातं, सोबत क्षपणशक्तीची शिदोरी नसते. ती तिथेच तयार करावी लागते, त्यामुळे नाचणीच्या कड्यात चवडी भरघोस आहेत. राजगिराही याच पंथाचा, आणि तो तर गवतसुद्धा नाही.