बाळाचें झांकलेलें व्यंग

कांहीं विषय चारचौघांत काढणें आपल्याकडे शिष्टसंमत मानीत नाहींत. मुलग्याच्या जननेंद्रियांतील जन्मजात दोष हा त्यांपैकींच एक होय. परंतु मौनानें दोष नाहींसा होत नाहीं. मुलाच्या वयाबरोबर त्याची लाज व त्याचा त्रास मात्र वाढत जातो. म्हणून कोल्हापुरांतील व अन्यत्र राहणाऱ्या आमच्या वाचकांपुढें हा विषय, मर्यादा राखून पण स्पष्टपणें, मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

सुमारें २०० ते ३०० मुलग्यांत एकाचें मूत्रद्वार टोकाशीं नसून खालच्या अंगास असतें. वैद्यकांत ह्यास हायपोस्पाडियस म्हणतात. बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या आजीच्या नजरेस हें बहुधा प्रथम पडतें. लघवीची धार खालीं जाते, इंद्रिय वांकलेलें दिसतें व अग्रत्वचा वरच्या बाजूसच टोपीसारखी जमलेली असते. अशा वेळीं 'मुंजीपर्यंत होईल नीट' असें म्हणून स्वस्थ बसूं नये. शस्त्रक्रियेस ६ ते १८ महिन्यांचें वय सामान्यतः योग्य मानितात. त्या वयाची आठवणही मुलास राहत नाहीं. तसेंच ती अग्रत्वचा आधीं कोणासही कापूं देऊं नये; नवा मार्ग घडविण्यास तीच पुष्कळदां कामीं येते.

दोष सौम्य असल्यास जागचीच त्वचा वळवून नळी करितात व काम एका शस्त्रक्रियेंत भागतें. मूत्रद्वार मुळाशीं किंवा वृषणकोशावर असून वांकही फार असल्यास दोन टप्पे लागतात. प्रथम वांक काढून तेथें अग्रत्वचा अथवा गालाच्या आंतील त्वचा बसवितात. सुमारें सहा महिन्यांनीं तिची नळी घडवितात. मध्येंच छिद्र पडणें किंवा मार्ग अरुंद होणें असे उपद्रव संभवतात व पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते, हेंही आईबापांनीं आधींच जाणावें.

अपघातानें अथवा कर्करोगानें इंद्रिय गमावलेल्या प्रौढांची गोष्ट अधिक बिकट. परंतु त्वचा तिच्या रक्तपुरवठ्यासह हलवून अवयव घडविण्याची विद्या महाराष्ट्रास परकी नाहीं. कावसजी नामक गाडीवानाचें कापलेलें नाक पुण्यास कपाळाच्या कातडीनें घडविल्याचा वृत्तांत १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्यें छापला गेला होता. त्याच तत्त्वावर १९८४ सालीं चिनी शल्यविशारदांनीं हाताची त्वचा रक्तवाहिन्या व मज्जातंतूंसह उचलून इंद्रियरचना करण्याची रीत प्रसिद्ध केली. दक्षिण आफ्रिकेंत २०१४ सालीं मृताच्या इंद्रियाचें आरोपणही यशस्वी झालें. मात्र त्यास जन्मभर औषधें घ्यावीं लागतात, म्हणून तो मार्ग विरळा.

एक सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. मूत्रद्वार बरेंच मागें असून वृषणही हातास लागत नसतील, तर मुलगा कीं मुलगी हें घाईनें ठरवूं नये. रक्ताच्या व गुणसूत्रांच्या तपासण्या तत्काळ कराव्या; कारण अशा कांहीं बालकांत शरीरांतील मीठ घटून जिवास धोका होतो. बीड जिल्ह्यांतील एक पोलीस शिपाई मुलगी म्हणून वाढले, त्याच ओळखीनें नोकरीस लागले, आणि तिशीच्या उंबरठ्यावर उच्च न्यायालयाचे दार ठोठावून २०१८ सालीं मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयांत पुनर्रचनेची पहिली शस्त्रक्रिया करवून घेते झाले. वेळीं तपासणी झाली असती, तर केवढा मनस्ताप वांचला असता!

कोल्हापुरांत छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय आहे. तेथें आधीं दाखवून योग्य शल्यविशारदाची माहिती घ्यावी. खर्चाची चिंता असल्यास शासकीय आरोग्ययोजनेविषयीं तेथील आरोग्यमित्रास विचारावें. आजीनें पाहिलेलें सुनेस सांगावें, सुनेनें पतीस, आणि दोघांनीं मिळून बाळास वैद्याकडे न्यावें. घरांतील ह्या चार शब्दांवरच त्या मुलाचें पुढील सुख पुष्कळसें अवलंबून आहे.