जुन्या बाजारातील हाली रुपया

इतिहासाच्या शिक्षकाने हैदराबादच्या जुमेरात बाजारात अधूनमधून फेरी मारावी. मोडीच्या ढिगात तोळ्या-शेराची वजने मिळतात, जुनी कुलपेही मिळतात; परंतु वर्गाला खरा उपयोग हाली रुपयाचा, म्हणजे निजामी राज्याच्या नाण्याचा. (भाव विचारताना आपण मास्तर आहोत हे कळू देऊ नये, दर चढतो!)

त्यावर चारमिनार असतो आणि हिजरी सन असतो, समजा, 1361. मुलांना इसवी सन काढावयास सांगावे. ती झटकन 622 मिळवून 1983 असे उत्तर देतात. पण हैदराबाद संस्थान तर 1948 मध्येच भारतात विलीन झाले. मग हे नाणे पाडले कोणी? येथे वर्ग जागा होतो. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान. साचत साचत ही तफावत 41 वर्षांची होते. नाणे 1942 चे!

असे नाणे चिंचेने घासू नये, अक्षरे झिजतात. आपल्या घरी पेटीच्या तळाशी एखादे असल्यास सोनाराकडे आटवावयास देण्यापूर्वी एक दिवस मुलाबरोबर शाळेत धाडावे.