एका सेकंदाची थकबाकी

अकोल्याच्या जिनिंग कारखान्यांत ज्यांची हयात गेली, त्यांना यंत्रात कापूस पडतो आहे की यंत्र रिकामेच फिरते आहे, हे आवाजावरून उमगते. संगणकाच्या बाबतीत कानाला अशी साक्ष मिळत नाही, आणि म्हणूनच सर्व कामकाज बंद असताना डेटाबेस सांभाळणाऱ्या सर्व्हरचा प्रोसेसर अहोरात्र राबताना दिसला, की त्याच्या देखभालीवर नेमलेला माणूस संभ्रमात पडतो.

असा संभ्रम १ जुलै २०१२ रोजी जगभर एकाच क्षणी उत्पन्न झाला. आदल्या दिवशी आषाढी एकादशी होऊन गेली होती, अमरावतीला सूर्योदयास अद्याप काही मिनिटांचा अवकाश होता, आणि पहाटेचे साडेपाच वाजण्याच्या ऐन संधीवर जगाच्या घड्याळात एक सेकंद अधिक घालण्यात आला. भरतीओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन कालांतराने मंदावते, अणुघड्याळ मात्र मंदावत नाही. ही तफावत भरून काढण्यासाठी १९७२ पासून असे सेकंद घालण्याचा प्रघात आहे. धोंड्याच्या महिन्याला जावयाला अनारसे वाढणाऱ्या वऱ्हाडाला ही कल्पना परकी नाही. त्याच वर्षी भाद्रपदही अधिक आला होता. येथे वाढवायची होती ती अवघी अडीच विपळे.

मायएसक्यूएलसारखा डेटाबेस निवांत दिसला तरी त्याच्या पोटात काही पहारेकरी सदैव फेऱ्या घालत असतात: कोणी साचलेले बदल डिस्कवर उतरवण्याची वेळ झाली का ते पाहतो, कोणी अडलेल्या व्यवहारांची विचारपूस करतो, आणि फेरी आटोपताच प्रत्येक जण लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, अमुक मुदतीने उठवण्यास सांगून निजतो. त्या पहाटे वाढीव सेकंद सामावून घेण्यासाठी कर्नलचे मुख्य घड्याळ एका सेकंदाने मागे आले, परंतु गजर लावणाऱ्या खात्याला त्याची वर्दी पोहोचलीच नाही आणि त्याचा हिशेब एक सेकंद पुढेच राहिला. परिणामी अर्ध्या सेकंदाची मुदत मागावी तर ती मागताक्षणीच टळलेली ठरे. पहारेकरी डोळा लागण्यापूर्वी उठवला जाई, काम नाही असे पाहून पुन्हा तीच मुदत मागे, आणि हे चक्र अखंड चाले. रेडिट हे संकेतस्थळ बंद पडले, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या प्रवाशांची विमानतळावरील नोंदणी खोळंबली, आणि जर्मनीच्या हेट्झनर कंपनीने आपल्या सर्व्हरगृहांचा वीजवापर सुमारे एक मेगावॉटने वाढल्याचे कळवले. एवढी वीज जळाली ती निव्वळ निजण्याच्या प्रयत्नात!

वऱ्हाडातील एखाद्या बँकेत वा अडतीच्या पेढीत प्रोसेसर असा विनाकारण तापला, तर तपासाचा क्रम काय असावा? प्रथम कोणता प्रोग्राम प्रोसेसर खातो ते पाहावे. तो डेटाबेसच निघाला, तर त्या घटकेला चालू असलेल्या प्रश्नांची, म्हणजे क्वेरींची, यादी त्याच्याकडूनच मागवावी. यादीत एखादा लांबलेला प्रश्न सापडला, तर प्रकरण तेथेच मिटते. यादी कोरी असेल, तर प्रोसेसरचा वेळ डेटाबेसच्या स्वतःच्या कामात जातो की कर्नलच्या, हे तपासावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा प्रकार नेमका किती वाजता सुरू झाला, याची नोंद काढावी. माझ्या मते या नोंदीइतका मोलाचा पुरावा दुसरा नाही, कारण अनेक यंत्रे एकाच मिनिटाला बिघडली असतील, तर दोष त्यांपैकी एकाही यंत्राच्या दप्तरात असणे संभवत नाही. घाईने सगळे यंत्र बंद करून पुन्हा चालू करणारा मात्र हा पुरावाच गमावून बसण्याचा धोका पत्करतो.

२०१२ साली केवळ डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केल्याने काहीच साधले नाही, कारण चुकीचा हिशेब त्याच्याखालच्या कर्नलमध्ये होता. उपाय निघाला तो एका ओळीच्या हुकुमाचा: घड्याळ जी वेळ दाखवत होते, तीच वेळ त्याला पुन्हा लावून द्यायची. त्या निमित्ताने कर्नलने गजराच्या खात्याशी आपला हिशेब ताडून घेतला, एका सेकंदाची थकबाकी फिटली, आणि पहारेकऱ्यांना मागितलेल्या मुदतीइतकी झोप मिळू लागली.