परतीच्या विमानापासून मागे

बाकीच्या सहली निघायच्या तारखेपासून ठरतात, स्कूबाची सहल परतीच्या तारखेपासून ठरवावी लागते. आमच्या करंजाडेच्या घरात सध्या हेच चाललंय. डिसेंबर २०२५ मध्ये शेजारचं नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आणि अख्ख्या इमारतीला सुट्टीचे बेत सुचू लागले. आमचा बेत अंदमानचा. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, आणि तिथली बुडी.

दिनदर्शिका पुढ्यात घेतली की पहिली फुली पडते ती शेवटच्या दिवसावर. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन शरीरात जास्त विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत विमानात बसलं, तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एकाच बुडीनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमान नाही. आमचं विमान रविवारी सकाळी दहाचं धरलं, तर १८ तास मागे गेल्यावर शनिवारचे दुपारचे चार येतात. कागदावर शनिवारी सकाळची बुडी बसते. पण स्वराज द्वीपावरून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, परतायला बोट लागते, आणि समुद्र खवळला की बोट रद्द. तेव्हा शनिवार कोरडाच ठेवायचा, सेल्युलर जेलसाठी. शेवटची बुडी शुक्रवारी सकाळी.

पुढचा प्रश्न, शिकायचं की नुसतं बघायचं? नुसती ओळखीची बुडी एका सकाळचं काम. प्रशिक्षक सतत सोबत असतो, बारा मीटरच्या खाली नेत नाहीत, पोहता येत नसलं तरी चालतं. ओपन वॉटरचा परवाना हवा असेल तर तीन-चार दिवस द्यावे लागतात, दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं. परवाना मिळाला की अठरा मीटरपर्यंत मुभा. मुलीला परवानाच हवाय. दहा वर्षांपुढच्या मुलांना तो मिळतो, पण काही वर्षं मोठ्यांच्या सोबतीनेच उतरावं लागतं. सौ.चं म्हणणं, सुट्टीत परीक्षा कशाला? मला तिचं पटतं, पण हे घरात मोठ्याने बोलायची सोय नाही.

खरी मेख आहे ती आरोग्याच्या फॉर्ममध्ये. दमा, फिट, हृदय, कानाचं ऑपरेशन, पंचेचाळिशी उलटली असेल तर रक्तदाब आणि धूम्रपान अशी प्रश्नांची रांग. धोक्याच्या एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं की डॉक्टरची सही लागते. किनाऱ्यावर पोचून फॉर्म हातात घेणारे तिथेच अडकतात. तो आधीच भरून डॉक्टरकडे न्यावा. करंजाडेत डंपरची धूळ आहे, बांधकामं आहेत, सर्दी बारमाही. आमच्या डॉक्टरांनी माझ्या नाकात डोकावून सांगितलं, ‘‘कान मोकळे होत नसतील तर साहेब, तीन मीटरवरूनच परत यावं लागेल. औषध घेऊन रेटायचं नाही.’’ नाक चिमटीत धरून हलकी हवा कानांकडे ढकलायची, कान ‘टक’ करून सुटतो. खाली जाताना हे दर मीटरला, दुखायच्या आधी करायचं. सध्या आमच्याकडे जेवताना, टीव्ही बघताना, लिफ्टमध्ये तोच सराव चालू आहे.

म्हणून आता मधला टप्पा ठरलाय, आधी मालवण. पनवेलहून तुतारी एक्सप्रेस मध्यरात्रीनंतर सुटते, सकाळी कुडाळ, तिथून रिक्षा किंवा एसटी. तिकीट साठ दिवस आधी उघडतं, जानेवारीचं हवं तर नोव्हेंबरातच जागं राहायला हवं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी उथळ, अंदमानइतकं नितळ नाही, पण कानांची परीक्षा घ्यायला पुरेसं. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्रही आहे. इथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, तेव्हा प्रवाळाला हात लावायचा नाही आणि त्यावर उभंही राहायचं नाही. फोटोसाठी हे करणारे बरेच दिसतात. पावसाळ्यात सगळं बंद. शिवाय मालवणचा एक फायदा कुणी बोलत नाही, परतताना विमान नाही आणि कोकण रेल्वे घाट चढत नाही. मात्र मेहुणा म्हणतो तसं बुडी मारून लगेच आंबोलीमार्गे कोल्हापूर नको. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि सहाशे मीटरच्या वर जाणं हे नियमात विमानासारखंच धरतात.

काल मास्क आणले. पट्टा न लावता काच चेहऱ्यावर टेकवायची आणि नाकाने श्वास ओढायचा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो आपला. मुलीचा राहिला. सौ.चा राहिला, चष्म्याच्या नंबरची काच त्यात बसवून मिळते. माझा प्रत्येक वेळी सुटून मांडीवर पडतोय, कारण वरच्या ओठावर मिशी आहे आणि सिलिकॉनची कड तिथेच टेकते. दुकानदार म्हणाला, मिशीवर व्हॅसलीन लावतात, पण त्याने सिलिकॉन खराब होतं, सिलिकॉन ग्रीस घ्या. सौ. म्हणाल्या, वस्तरा घरात आहे.